वरचं पाकीट

नंदिनीला पहिला संशय आला तो शालूबाईंच्या हातातल्या पाकिटांवरून.

सकाळचे साडेनऊ झाले असतील. मुलांच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर ती चार वर्षांच्या अरूला मांडीवर आडवी घेऊन बसली होती. रविवारी सगळे कळंब्याच्या तळ्यावर गेले होते, तिथे अरूच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. नवऱ्यानं, त्र्यंबकनं, तो सुईनं काढला. सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, वर चुना आणि गूळ बांधला. नंदिनी त्या दोघांच्या मागं उभी राहून बघत होती आणि सुई उकळून घ्या असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. घरात आधीच तिला ‘कॉलेजवाली’ म्हणत, म्हणून ती बोलली नाही. बुधवारी टाच टम्म फुगली आणि तिथून निघालेली एक लाल रेघ पोटरीवरून गुडघ्याकडे चढलेली दिसली. गल्लीतल्या डॉक्टरांनी रेघ बघितली न बघितली तोच टांगा बोलवायला सांगितलं. ‘सेप्टिक रक्तात उतरलंय. मोठ्या दवाखान्यात न्या, नेसरीकरांच्या हाताखाली.’

बाकाच्या दुसऱ्या टोकाला आजऱ्याकडची एक बाई येऊन बसली. घोंगडीत गुंडाळलेला सहा-सात वर्षांचा मुलगा, आणि काखेत फडक्याचं गाठोडं. तिचं नाव बाळाबाई. मुलाच्या नडगीला विळा लागला होता, त्याला आज आठवडा झाला होता.

“गावात झाडपाला लावला, बाई,” ती म्हणाली. “आता बोलायचाबी बंद झालाय.”

नंदिनीनं मान हलवली. तिचं लक्ष दारात येऊन उभ्या राहिलेल्या नर्सकडे होतं. पन्नाशीकडे झुकलेली, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, चालताना पाय जरा ओढणारी. शालूबाई. त्यांनी आधी अरूची पापणी खाली ओढली, नख दाबून सोडलं, आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघितलं. मग तेच त्या मुलाचं केलं. त्या आत गेल्या. दार उघडं होतं. टेबलावरच्या पत्र्याच्या डब्यातून त्यांनी दोन पांढरी पाकिटं काढली आणि एकेक करून खिडकीच्या उन्हात धरली. नोटा पारखतात तशी. मग बाहेर येऊन हाक मारली, “जोतीराम पिराजी.”

“आम्ही आधी आलोय,” नंदिनी म्हणाली.

“दोघांनाही खाट आहे. इथं रांग मोडून काय मिळत नाही कुणाला,” शालूबाई म्हणाल्या आणि घोंगडीसकट पोराला उचलून आत घेऊन गेल्या.

नंदिनीनं राजाराम कॉलेजात चार वर्षं परीक्षानळ्या धुतल्या होत्या. तिथल्या प्रयोगशाळेची एक सवय संसाराला लागल्यावरही सुटली नव्हती: दिसेल ते लिहून ठेवायचं, अर्थ मागाहून लावायचा. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानाच्या मागं ती शिसपेन्सिलीनं लिहू लागली. दहा वाजता पेनिसिलिन. दोन वाजता पेनिसिलिन. ताप एकशे चार. शेजारच्या खाटेवर जोतीरामलाही दहाला पेनिसिलिन, दोनला पेनिसिलिन, पण त्याला अकरा वाजता आणखी एक इंजेक्शन. निराळ्या बाटलीतलं. टोचण्याआधी शालूबाई ती बाटली हलवत, आणि आतलं औषध दुधासारखं पांढरं होई.

दुसऱ्या दिवशीही तेच. अरूला ते दूध नाहीच.

“ते पांढरं कसलं?” तिनं शालूबाईंना विचारलं.

“औषध.”

“आमच्या मुलीला का नाही?”

“तिला जे लिहिलंय ते चाललंय.” शालूबाईंनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि नंदिनीच्या कागदावर एक ओळ वाढली: *डोळ्याला डोळा देत नाहीत.*

त्याच दिवशी दुपारी तिनं पाहिलं की बाळाबाईच्या काखेतलं गाठोडं आता बाळाबाईपाशी नाही. संध्याकाळी पाळी संपवून शालूबाई घरी निघाल्या तेव्हा त्यांच्या पिशवीतून वास आला. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचा वास लपवायचा म्हटला तरी लपत नाही. नंदिनीनं नजरेनंच माप घेतलं. पावशेर नव्हे, चांगले दोन-तीन शेर असावेत.

त्र्यंबक कचेरीतून थेट वॉर्डात आला तेव्हा तिनं त्याला व्हरांड्यात ओढलं.

“अहो, इथं काहीतरी चाललंय.”

“तुला सगळीकडे काहीतरी चाललेलं दिसतं.”

“दोन पोरं एका रोगाची, एका वेळेला आलेली. एकाला दोन औषधं, एकाला एक. आणि तांदूळ कुणी दिले, तर ज्याला दोन औषधं मिळतात त्याच्या आईनं.”

त्र्यंबक टोपी काढून पुसत राहिला. “मग आपणही काहीतरी देऊ या का?” तो हळूच म्हणाला.

नंदिनीला राग आला. हाच विचार दुपारपासून तिच्याही डोक्यात घोळत होता, म्हणून तर जास्तच आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी जोतीराम उठून बसला. नुसता बसला नाही, भूक लागली म्हणाला. गाल लाल, डोळे लकाकणारे. बाळाबाईनं पदरात तोंड लपवून घेतलं. इकडे अरूचा ताप एकशे चारवरून हलत नव्हता. रेघ गुडघा ओलांडून मांडीला आली होती, आणि आईनं हाक मारली की ती एकदा डोळे उघडी आणि पुन्हा मिटे, जणू आई कोण ते तिला आठवायला वेळ लागत होता.

वॉर्डात केरबा नावाचा शिपाई होता. खाटा सरकवणं, बादल्या, निरोप, सगळं तोच. मिशा पिकल्या होत्या पण जीभ तरणी होती. नंदिनीनं त्याला व्हरांड्यात गाठलं.

“केरबा, ते पांढरं औषध कुणाला द्यायचं हे कोण ठरवतं?”

“चिट्टी ठरिवती की, वैनी.”

“चिठ्ठी?”

“डागदर सायबांनी पाकिटं भरून ठिवल्याती. निम्म्यात ‘नवे’, निम्म्यात ‘नेहमीचे’. पेशंट आला की वरचं पाकीट घ्यायचं, फोडायचं, आत निघंल ते द्यायचं. मग तो पाटलाचा असू द्या न्हायतर बिनघराचा. विलायतेत आसंच करत्यात म्हनं.” त्यानं बादली दुसऱ्या हातात घेतली. “आमी आपलं म्हनतो, जोतिबाचा कौल हाय.”

वरचं पाकीट. नंदिनीच्या डोळ्यांपुढं खिडकीतलं ऊन आलं आणि त्यात धरलेली दोन पाकिटं आली.

डॉक्टर नेसरीकर आपल्या खोलीत लिहीत बसले होते. चाळिशीचे, सडपातळ, इंग्लंडात शिकून आलेले. बोलण्यात मात्र कुठंही विलायत नव्हती.

“बसा. अरुंधतीची आई ना तुम्ही?”

ती बसली नाही. “ते नवं औषध माझ्या मुलीला द्या.”

“तिच्या पाकिटात ते निघालं नाही.”

“म्हणजे मुलं चिठ्ठ्यांवर मारायची?”

असल्या प्रश्नाची त्यांना सवय असावी. त्यांनी लेखणी खाली ठेवली. “हे बघा, ते औषध चांगलं की वाईट हे मला ठाऊक नाही. ठाऊक असतं तर सगळ्यांना दिलं असतं, नाहीतर कुणालाच नाही. ताप उतरवतं, पोरं उठून बसतात, हे तुम्हीही बघितलंत. पण जंतू त्यानं मरत नाहीत. घरात चोर शिरलेला असताना राखणीचा रामोशी झोपला, तर घर शांतच वाटतं.”

“मग तुम्ही स्वतः बघून का ठरवत नाही?”

“कारण मी माणूस आहे. ज्याची दया येईल त्याला देत सुटेन. मग जगला तो औषधानं जगला की जगणारच होता, हे देवालाही सांगता येणार नाही. म्हणून दया यायच्या आत चिठ्ठी.”

हे तिला पटलं, आणि पटलं म्हणूनच आतली वाफ बाहेर आली. “तुमच्या चिठ्ठ्या कुठल्या हो, डॉक्टर? वरचं पाकीट घेतच नाहीत इथं. तुमच्या शालूबाई पाकिटं उन्हाला धरून बघतात. ‘नवे’ निघालं तर कुणाला द्यायचं ते त्या ठरवतात. आजऱ्याचे तांदूळ ज्याच्या घरचे, त्याला.”

डॉक्टरांनी टेबलावरची घंटा वाजवली आणि केरबाला म्हणाले, “शालूबाईंना बोलाव. आणि डबा घेऊन या म्हणावं.”

शालूबाई आल्या. डॉक्टरांनी डब्यातलं वरचं पाकीट उचललं आणि खिडकीकडे धरलं. बराच वेळ धरलं. त्यांचा हात खाली आला तेव्हा चेहऱ्याचा रंग उतरला होता.

“कागद पातळ आहे,” ते म्हणाले. “माझ्या लक्षात यायला हवं होतं. शालूबाई, तुम्ही वाचता?”

“वाचावं नाही लागत, साहेब. ‘नवे’ आखूड असतं, ‘नेहमीचे’ लांब. सावलीच दिसते.” त्या सरळ उभ्या होत्या. हात मात्र जुडग्यातल्या किल्ल्या एकेक करून मोजत होते.

“किती जणांचं केलंत असं?”

“पहिली तीन-चार सोडली तर सगळ्यांचंच.”

“का?”

आता मात्र त्यांचा आवाज चढला. “का म्हणजे? पोर निळं पडलंय, नख दाबलं तर रक्त परत येत नाही, आणि चांगलं औषध कपाटात असताना त्याला मी साधं टोचू? जे जगेलसं दिसतं त्याला साधं. जे चाललंय त्याला नवं. डोळे फुटलेत का माझे?”

“ते चांगलं आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं?”

शालूबाई गोंधळल्या. “विलायतेचं आहे की. तुम्हीच आणलंय.”

डॉक्टरांनी वही उघडली. पानं उलटत ते जणू स्वतःशीच बोलले. “नवं मिळालेली पंधरा. नऊ गेली. नेहमीचं मिळालेली चौदा. तीन गेली. परवाच मी लिहायला घेतलं होतं, की हे औषध लहान मुलांचा जीव घेतं, कुणी वापरू नये. मुंबईला पाठवणार होतो.” त्यांनी वही मिटली. “आणि तुम्ही मरणारी सगळी एका बाजूला काढून दिली होती.”

“मला वाटलं वाचतील,” शालूबाई म्हणाल्या.

नंदिनीला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण आत काहीतरी अडकलं होतं, ते विचारल्याशिवाय तिला राहवेना. “आणि तांदूळ?”

“कसले तांदूळ?”

“बाळाबाईचे. तुमच्या पिशवीतले.”

“त्या पोराला दवाखान्याचं दूध पचत नाही. मी घरी पेज करून आणते सकाळी.” शालूबाईंनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. “आज तुमची मुलगी दोन घोट प्याली ती पेज कसली होती? माझ्या घरी कुठला आलाय घनसाळ?”

नंदिनीचे कान तापले. ती पेज तिनं आधी स्वतः चाखून, वास घेऊन, मग अरूला पाजली होती. आणि तरी तिला कळलं नव्हतं.

डॉक्टर खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. “आता सगळं मोडलंच आहे. तुमच्या मुलीला नवं द्यायला मला कुठली चिठ्ठी आड येत नाही. तुम्ही ते मागायला आला होतात. सांगा, देऊ?”

हेच तर मागायला ती आली होती. आत येताना दार ढकलायलाही तिला वेळ नव्हता. आता दार सताड उघडं होतं आणि पाय उचलेना. नऊ गेली. पण ती जाणारीच होती. मग सहा जगली ती कशानं? जोतीराम बसला होता, खात होता. अरू हाकेला ओ देत नव्हती.

“तुम्ही स्वतःच्या मुलीला दिलं असतं?”

“माहीत नाही,” डॉक्टर म्हणाले. “हे ऐकायला तुम्ही आला नाहीत, पण माझ्यापाशी खरं तेवढंच आहे.”

नंदिनी शालूबाईंकडे वळली. “चला माझ्याबरोबर.”

वॉर्डात अरू तशीच पडून होती. बाळाबाई तिच्या कपाळावरची पट्टी बदलत होती. ते काम तिला कुणी सांगितलं नव्हतं. नंदिनी खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली.

“परवा तुम्ही हिला बघितलंत आणि साधं पाकीट दिलंत. म्हणजे ही जगेल असं तुम्हाला वाटलं. आज बघा. आज दोन पाकिटं हातात असती तर कुठलं दिलं असतं?”

“बाई, असलं मला विचारू नका.”

“पंचवीस जणांचं न विचारता ठरवलंत. एकीचं विचारल्यावर ठरवा.”

शालूबाई खाली वाकल्या. पापणी ओढली. नख दाबलं, सोडलं. मनगट धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. पायावरचं फडकं काढून गुडघ्यामागं बोट फिरवलं, तिथं एका जागी अरू कण्हली, आणि त्यांनी तिथंच पुन्हा दाबून बघितलं. नंदिनी अरूकडे बघत नव्हती. ती शालूबाईंच्या तोंडाकडे बघत होती. ओठ, भुवया, पापण्या. खोटं कुठून निसटतं ते शोधत होती. दया आली म्हणून खोटं बोलणारी बाई ही. आपलीही दया आली तर?

“साधंच,” शालूबाई म्हणाल्या. “रक्त परततंय. ती कण्हतीय, ते चांगलं. पण गुडघ्यामागं पू धरलाय. आजच चिरा म्हणावं साहेबांना, उद्यावर टाकू नका.”

“माझं समाधान करायला सांगत नाही ना?”

“तुमचं समाधान करणं कुणाच्या बापाला जमायचं नाही,” शालूबाई म्हणाल्या.

नंदिनी परत गेली आणि डॉक्टरांना म्हणाली, “नवं नको. पण गुडघा आज चिरा.”

दुपारी चिरलं. वाटीभर पू निघाला. नंदिनी दाराबाहेर भिंतीला पाठ लावून उभी होती. सुई उकळली का, हे तिनं तीनदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा केरबानं वाफाळती तपेलीच तिच्यापुढं आणून धरली. “बोट घालून बघता का, वैनी?”

त्यानंतरचे दोन दिवस तिनं कागदावर काही लिहिलं नाही. आकडा लिहायला हात धजत नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी ताप शंभरवर आला आणि अरूनं शेजारच्या खाटेकडे बोट करून विचारलं, “त्याला पेज, मग मला?”

जोतीरामही जगला. मधे दोन दिवस तो पुन्हा आडवा झाला होता, पण उठला. दोघांना एकाच आठवड्यात घरी सोडलं. डॉक्टर नेसरीकर दोघांचे कागद शेजारी ठेवून म्हणाले, “दोघंही जगली. म्हणजे मला काहीच कळलं नाही.”

शालूबाईंना त्यांनी काढलं नाही. त्यांना काढलं तर वॉर्ड कोण बघणार, असं म्हणाले. वही मात्र त्यांनी मिटून ठेवली आणि पहिल्यापासून सुरुवात करायचं ठरवलं. महिन्याभरानं ते मंगळवार पेठेत नंदिनीच्या घरी आले. बरोबर एक कुलुपाचा डबा होता. पाकिटांना आतून काळा कागद लावलेला होता, फोटोवाले वापरतात तो.

“हा डबा वॉर्डात ठेवायचा नाही,” ते म्हणाले. “तिथं कुणाचा ना कुणाचा जीव कळवळतो. तुमच्याकडे ठेवतो. पेशंट आला की केरबा सायकलवरून येईल. वरचं पाकीट फोडायचं, चिठ्ठी त्याच्या हातात द्यायची. झालं.”

“माझ्याकडेच का?” त्यांच्यावरही नजर ठेवूनच तिनं विचारलं.

“तुमचा कुणावर विश्वास नाही म्हणून.”

माईंनी आतून चहा पाठवला आणि कॉलेजवालीला घरबसल्या नोकरी लागली असं शेजारणीला सांगून आल्या.

केरबा पहिल्यांदा आला तो मंगळवारी, भर दुपारी. अरू ओसरीवर चिंचोके मांडत बसली होती. त्यानं सायकल भिंतीला टेकवली. घामानं डबडबला होता.

“पेशंट आलाय, वैनी. पोरगी हाय, मलकापूरकडची. लई बेकार. तिच्या आयनं तर पायरीवर डोस्कं टेकलंय, उठायलाच तयार न्हाय.”

नंदिनीनं कुलूप काढलं. वरचं पाकीट घेतलं, फोडलं. आत ‘नेहमीचे’.

तिनं चिठ्ठी लगेच दिली नाही. खालचं पाकीट डब्यात तसंच होतं, काळ्या कागदाचं, कितीही उन्हाला धरलं तरी न दिसणारं. पण फोडलं तर दिसलं असतं. केरबा तर घाम पुसण्यात गुंग होता. वयानं किती असेल पोरगी? नख दाबलं की रक्त परततं का? हे प्रश्न तिच्या तोंडात तयार होते, आणि उत्तर ऐकलं की आपण काय करू हे तिला नीटच ठाऊक होतं. शालूबाईंना ती तीन दिवस चोर समजून बघत होती. आता तसंच तिला आपल्या हाताकडे बघावं लागत होतं.

तिनं चिठ्ठी केरबाच्या हातात दिली, डब्याला कुलूप घातलं आणि ओढून बघितलं.

“केरबा, पुढच्या वेळी नुसती कडी वाजव. पोरगी की पोरगा, कुठली, कशी, काही सांगायचं नाही.”

“व्हय. आन् तुमीच इचारलं तर?”

“मी विचारलं तर मग अजिबातच सांगू नकोस,” नंदिनी म्हणाली. “जा आता, लवकर.”